कुत्र्याची ताटली, आपले ताट

घरी पाळलेल्या कुत्र्याला काय खायला घालावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. वर्गात मात्र तो हमखास निघतो. आहाराचा पाठ चालू असताना एखादा विद्यार्थी सांगतो, "आमचा मोती दूधभाकरीच खातो." दुसऱ्याच्या घरी पिशवीतले कोरडे दाणे आणलेले असतात. तिसरा ठासून सांगतो, की कुत्रा हा मांसाहारी प्राणी, तेव्हा त्याला मांसाखेरीज काही देऊच नये. या तिघांपैकी बरोबर कोण? उत्तर देताना आपण बहुधा आपल्या घरच्या सवयीवर नाहीतर जाहिरातीवर विसंबतो.

या साध्या प्रश्नामागे दोनशे वर्षांच्या प्रयोगांचा इतिहास आहे. तो काहीसा विचित्रही आहे. कुत्र्याच्या आहाराविषयी आज जे खात्रीचे ज्ञान आपल्या हाती आहे, त्यातले बरेचसे कुत्र्याच्या भल्यासाठी मिळवलेलेच नाही. माणसाने काय खावे हे कळावे म्हणून शास्त्रज्ञांनी कुत्र्याला प्रश्न विचारले. कुत्र्याने शरीराने उत्तरे दिली, कधी डोळे गमावून, कधी वाकड्या पायांनी. त्या उत्तरांतले काही प्रसंग आम्ही येथे निवडले आहेत. ते पाहिले म्हणजे मोतीच्या ताटलीत काय असावे हेही बरेचसे स्पष्ट होते.

लांडग्यापासून राखणदारापर्यंत

कुत्रा माणसाळला त्याला किमान पंधरा हजार वर्षे झाली असावीत. तेव्हा माणूस शेती करत नव्हता. पुढे माणसाच्या ताटात धान्य आले आणि त्याच्या उष्ट्यातून ते कुत्र्याच्या वाट्याला आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवरच्या ग्रंथात राखणीच्या कुत्र्यांचा आहार सांगितला आहे. जवाचे पीठ दूध नासवून काढलेल्या पाण्यात कालवून द्यावे. जिथे गुरे नाहीत तिथे गव्हाचा पाव शिजवलेल्या कडधान्यांच्या पाण्यात भिजवून द्यावा, तोही कोमट, कारण कढत अन्नाने कुत्रा पिसाळतो! शेवटचा भाग निखालस चुकीचा आहे. पण धान्याला दुधाची किंवा कडधान्याची जोड द्यावी हे शहाणपण त्याला अनुभवातून आले होते.

धान्य कुत्र्याला पचते कसे, याचे उत्तर मिळायला २०१३ साल उजाडले. स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. स्वादुपिंडात पिष्ट पचवणारे ॲमायलेज हे विकर तयार होते. त्याच्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे माणसाच्या उंबऱ्यावर राहता राहता कुत्र्याचे शरीरच बदलले. तिसऱ्या विद्यार्थ्याला आपण एवढे नक्की सांगू शकतो, की कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला, तरी त्याचे पोट लांडग्याचे राहिलेले नाही.

साखरेवर ठेवलेला कुत्रा

आता १८१६ सालच्या पॅरिसमध्ये जाऊ. हवेतला नत्र प्राण्यांच्या शरीरात थेट घेतला जातो की तो अन्नातूनच यावा लागतो, हा तेव्हाचा वादाचा प्रश्न होता. फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने एक तीन वर्षांचा धष्टपुष्ट कुत्रा घेतला आणि त्याला केवळ शुद्ध साखर आणि ऊर्ध्वपातित पाणी दिले. साखरेत नत्र नसतो. पहिला आठवडा कुत्रा मजेत होता. दुसऱ्या आठवड्यात भूक असूनही तो वाळू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलावर जखम झाली, ती खोल जाऊन डोळा फुटला. मग दुसऱ्या डोळ्याचेही तेच झाले. सुमारे एका महिन्यात तो मेला. माजांदीने ऑलिव्ह तेल, डिंक आणि लोणी देऊन हेच प्रयोग केले. शेवट ठरलेला होता.

माजांदीने निष्कर्ष काढला, की नत्रयुक्त अन्नाशिवाय प्राणी जगू शकत नाही. निष्कर्ष योग्य होता, पण अपुरा होता. नुसत्या साखरेत नत्र नव्हता, तसे दुसरेही कितीतरी नव्हते. डोळ्यांच्या त्या जखमा आज आपण वाचतो तेव्हा 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव डोळ्यांसमोर येतो; पण जीवनसत्त्वाची कल्पना यायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती. निरीक्षण नोंदले गेले, अर्थ मागून आला. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते.

मग नत्र असला की झाले का? त्या काळी पॅरिसमधील गरिबांना आणि रुग्णालयांतील रोग्यांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप दिले जात असे. जिलेटिनमध्ये नत्र भरपूर, आणि ते स्वस्त. त्याने खरोखर पोषण होते का, हे तपासण्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. माजांदीच्या नेतृत्वाखालील या समितीचा अहवाल १८४१ मध्ये आला. जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे जगले नाहीत. गव्हातल्या ग्लूटेनवर मात्र बराच काळ तगले. कारण आज सांगता येते. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतील काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. जिलेटिनमध्ये यांपैकी ट्रिप्टोफॅन नसतेच. 'प्रथिने किती' याच्या बरोबरीने 'कोणती' हेही विचारावे लागते, हा धडा येथून सुरू झाला.

बिस्किटांचा धंदा

प्रयोगशाळेबाहेर तोवर कुत्र्याच्या खाद्याचा व्यापार सुरू झाला. अमेरिकेतून विजेपासून बचावाच्या सळया विकायला लंडनला आलेल्या जेम्स स्प्रॅट याने १८६० च्या सुमारास कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. गोदीत खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटे कुत्रे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि वाळवलेले मांस असा त्यांचा मसाला होता. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये स्वतःच्या नावाने कुत्र्यांचे प्रदर्शन सुरू केले. ते आजही भरते. बिस्किटे टिकाऊ होती आणि खपलीही. पण वाढत्या पिल्लाला नेमके काय लागते हे तेव्हा ती बनवणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि विकत घेणाऱ्यालाही नव्हते.

वाकड्या पायांची पिल्ले

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधल्या औद्योगिक शहरांत मुडदूस हा मुलांचा नेहमीचा रोग होता. हाडे मऊ, पाय धनुष्यासारखे वाकलेले. कारणाविषयी मात्र एकमत नव्हते. ग्लासगोतल्या लेनर्ड फिंडले याने १९०८ मध्ये पिल्लांना कोंडून ठेवून, हालचाल कमी पडल्याने मुडदूस होतो असे मांडले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांना आहारावर संशय होता. त्यांनी शेकडो पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांना ओटची लापशी, भात किंवा पाव आणि मोजके दूध असे अन्न दिले. म्हणजे जवळजवळ आपली दूधभाकरीच! पोट भरत होते, वजनही वाढत होते, पण पाय वाकत होते. त्याच अन्नात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळले की रोग टळत असे. जवसाचे तेल घातले तर टळत नसे. १९१९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

हा तेलातला गुण 'अ' जीवनसत्त्वाचा असावा, असे मेलनबींना वाटले. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी ते तेल तापवून त्यातून प्राणवायू सोडला. त्यामुळे त्यातले 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण उरलाच. या वेगळ्या घटकाला पुढे 'ड' हे नाव मिळाले. दरम्यान १९१९ मध्येच बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील प्रकाशाने मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला होता. मग खरे कारण कोणते, आहार की सूर्यप्रकाश? माणसाच्या बाबतीत दोन्ही, कारण आपली त्वचा उन्हात 'ड' जीवनसत्त्व तयार करते.

कुत्र्याच्या बाबतीत उत्तर वेगळे निघाले, तेही पुष्कळ उशिरा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले, की कुत्र्याच्या आणि मांजराच्या त्वचेत उन्हानेसुद्धा पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. मेलनबींच्या प्रयोगात आहाराचा परिणाम इतका ठळक दिसला, यामागे हेही एक कारण असले पाहिजे. उंदीर किंवा माणूस असता तर खिडकीतल्या उन्हाने गोंधळ घातला असता. 'पिल्लाला उन्हात सोडले की हाडे बळकट होतात' ही घरोघरची समजूत त्यामुळे कुत्र्याला लागू पडत नाही.

काळी जीभ आणि ज्वारी

त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. त्वचेवर चट्टे, जुलाब, भ्रम आणि अनेकदा मृत्यू. रोगी बहुधा गरीब, आणि त्यांचे मुख्य अन्न मका. तिथल्या कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होत असे: तोंड सुजते, जीभ काळसर पडते, लाळ गळते. हे दोन्ही रोग मुळात एकच असावेत, अशी शंका पुढे आली. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मक्याच्या आहारावर कुत्र्यांत काळी जीभ निर्माण केली आणि यीस्टने ती बरी केली. त्यांचे १९२९ मध्ये निधन झाले. नेमका घटक सापडला १९३७ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी यकृतातून वेगळे काढलेले निकोटिनिक आम्ल दिले आणि मरणाच्या दारातली कुत्री उठून खाऊ लागली. लवकरच माणसांनाही तेच औषध लागू पडले. या आम्लाला आज आपण नायसिन म्हणतो.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्या दख्खनच्या पठारावर घडला. हैदराबादच्या आसपास ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा आढळत होता. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असते, म्हणून तिथे रोगाचा उलगडा होतो. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन बनवू शकते. ज्वारीत ट्रिप्टोफॅनची तेवढी टंचाई नाही. मग रोग का? १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी सुचवले, की ज्वारीत ल्यूसीन हे दुसरे अमिनो आम्ल फार असते आणि ते या रूपांतरात अडथळा आणत असावे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत, जी १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते, पुरावा पुन्हा कुत्र्याकडेच मागितला गेला. ल्यूसीन जास्त असलेल्या ज्वारीवर कुत्र्यांना काळी जीभ झाली. ल्यूसीनचा वाटा नेमका किती, यावर पुढेही मतभेद राहिले. पण एका गोष्टीवर दुमत नाही: ताटात एकच धान्य आणि जवळपास तेवढेच, हेच संकटाचे मूळ होते. भाकरीवर डाळ, पालेभाजी, दूध यांची जोड असेल तर ज्वारीला दोष देण्याचे कारण उरत नाही. माणसाच्या भाकरीला हे जितके लागू, तितकेच मोतीच्या भाकरीलाही.

ताटलीने दिलेला इशारा

कधी अन्नात काही कमी पडते, तर कधी नको ते जास्त येते. १९४६ मध्ये मेलनबींनी आणखी एक शोध लावला. ब्रिटनमधल्या कुत्र्यांना झटके येत. ते सैरावैरा धावत, कोसळत. पांढऱ्या पावाचे पीठ शुभ्र आणि भाजायला सुलभ व्हावे म्हणून त्याला 'एजीन' या नावाने नायट्रोजन ट्रायक्लोराइड वायू दिला जाई. असे पीठ खाल्लेल्या कुत्र्यांना झटके येत, न दिलेल्या पिठाने येत नसत. पिठातील प्रथिनांमधल्या मेथिओनिनपासून मेथिओनिन सल्फॉक्झिमिन हे विष तयार होते, असे काही वर्षांतच निष्पन्न झाले. माणसाला अपाय झाल्याचे सिद्ध झाले नाही, तरी अमेरिकेने १९४९ मध्ये आणि ब्रिटनने १९५० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत सोडली. कुत्र्याच्या ताटलीने माणसाचा पाव बदलला.

२००७ मध्ये ताटलीने पुन्हा इशारा दिला. मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. त्यांच्या खाद्यात चीनमधून ग्लूटेन म्हणून आलेल्या मालात मेलामिन आणि सायन्युरिक आम्ल सापडले. दोन्ही मिळून मूत्रपिंडात स्फटिक होत होते. मेलामिन हे प्लास्टिकच्या थाळ्यांसाठी वापरले जाणारे रसायन. ते अन्नात कोण कशाला घालील? उत्तर माजांदीच्या नत्रात दडलेले आहे. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या योहान क्येलदाल यांनी नत्र मोजण्याची सोपी रीत दिली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो, म्हणून मोजलेल्या नत्राला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा अंदाज करतात. ही चाचणी नत्र मोजते. तो कुठून आला हे तिला कळत नाही. स्वस्त मालात मेलामिन मिसळले की कागदावर प्रथिने वाढतात.

तो इशारा वेळीच सगळीकडे पोहोचला नाही. २००८ मध्ये चीनमध्ये हीच भेसळ तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत सापडली. सुमारे २ लाख ९४ हजार मुले आजारी पडली आणि अधिकृत आकड्यानुसार सहा दगावली.

कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे

आतापर्यंतच्या प्रसंगांत कुत्रा आणि माणूस यांच्यातले साम्य उपयोगी पडले. पण साम्यावर फार विसंबले तर घात होतो. स्कर्व्ही या रोगाचा शोध कुत्र्यावर घेतला असता तर काहीच हाती लागले नसते, कारण कुत्रा 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो. नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये गिनीपिग निवडले म्हणून तो प्रयोग साधला.

घरातले बहुतेक अपघात याच फरकामुळे होतात. चॉकलेटमधले थिओब्रोमिन आपले शरीर लवकर बाहेर टाकते. कुत्र्याच्या शरीरातून त्यातले निम्मे जायलाच सुमारे १७ तास लागतात आणि हृदयावर ताण येतो. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल आपल्याला निरुपद्रवी. कुत्र्यात मात्र ते इन्शुलिनचा पूर आणते आणि रक्तशर्करा एकदम खाली जाते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. याला टार्टारिक आम्ल जबाबदार असावे असे २०२१ पासून मांडले जात आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा कांदा-लसणाची फोडणी आणि चिंचेचा कोळ घातलेली उरलेली आमटी मोतीच्या भाकरीवर ओतणे ही माया खरी, पण ती त्याला महागात पडू शकते.

मग ताटलीत काय?

इतिहासातून निघणारी उत्तरे अशी. दूधभाकरीने पोट भरते, पण वाढत्या पिल्लाला तेवढे पुरत नाही. मेलनबींची पिल्ले याची साक्षीदार आहेत. नुसते बिनहाडाचे मांसही पूर्ण अन्न नव्हे: त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे, त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. भात किंवा भाकरी, शिजवलेले अंडे, मांस किंवा मासे, थोडी डाळ, भाजी आणि तेल असा मिश्र आहार चांगला. मात्र त्यात कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व पुरेसे आहे की नाही हे पशुवैद्याला विचारून ठरवावे. मनाने औषधे देऊ नयेत, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियमनेही हाडांचे विकार होतात. मोठ्या कुत्र्याला दुधाने जुलाब होत असतील तर दूध कमी करावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. तयार दाणे घ्यायचे तर ते 'संपूर्ण आहार' आहेत की केवळ खाऊ, आणि ते पिल्लासाठी आहेत की मोठ्या कुत्र्यासाठी, हे वाचावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पोषणगरजांचे सविस्तर कोष्टक प्रसिद्ध केले. अशा कोष्टकांच्या आधाराने चांगले खाद्य बनवले जाते. पिशवीवरचा प्रथिनांचा आकडा एकटा पाहू नये. तो कसा मोजतात हे आता आपल्याला ठाऊक आहे.

वर्गासाठी एक उदाहरण सुचवतो. मेलामिनचे रासायनिक सूत्र C₃H₆N₆ ऐवजी शब्दांत सांगायचे तर त्याच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि नत्राचे ६ अणू असतात. रेणुभार १२६, त्यात नत्र ८४. म्हणजे १ ग्रॅम मेलामिनमध्ये ०.६७ ग्रॅम नत्र. त्याला ६.२५ ने गुणा: १ ग्रॅम मेलामिन सुमारे ४.२ ग्रॅम प्रथिनांचे सोंग घेते! नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमते, आणि मोजलेली राशी व हवी असलेली राशी यांतला फरक त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

शेवटी एक गोष्ट बोलायला हवी. माजांदीच्या कुत्र्याला नाव नव्हते. निदान त्याची नोंद नाही. त्या काळी अशा प्रयोगांना फ्रान्समध्ये कायद्याचा अटकाव नव्हता. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद केली, आणि आज असा प्रयोग मनात आला म्हणून करता येत नाही. हे योग्यच आहे. पण जे प्रयोग झाले, त्यांतून मुडदुसाने वाकलेली आणि पेलाग्राने खचलेली असंख्य माणसे उभी राहिली. या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनी मोजली आहे. ते ज्ञान आपल्या दारातल्या कुत्र्याच्या ताटलीपर्यंत पोहोचवणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.